नवव्या ओळीतलं नाव

छावणीच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीमागे ती अकरा वर्षं बसत होती. केसपेपर काढणं, शिक्के मारणं, रडक्या पोरांच्या आयांना बाकावर जागा करून देणं ही कामं होतीच, पण लोक तिला ओळखायचे ते कानाच्या डॉक्टरांच्या यादीमुळे. हे डॉक्टर शहरातून एक गुरुवार आड यायचे. नऊ ते एक बसायचे आणि बाराच पेशंट बघायचे. त्या आठवड्यातल्या सोमवारी सकाळी सातला फोन सुरू व्हायचे आणि सात वाजून दहा मिनिटांनी यादी भरलेली असायची. नंतर फोन करणाऱ्याला तिचं एकच उत्तर असे, "बारा झाले." एकदा एका ड्रायव्हरच्या बायकोनं वैतागून विचारलं होतं, "कुणाचे बारा? आमचेच ना?" बाकावरचे सगळे हसले, तीही हसली, आणि त्या दिवसापासून साऱ्या क्वार्टर्समध्ये तिचं नाव बाराताई पडलं.

बाराताई स्वभावानं वाईट नव्हती. लोकांचे हाल तिला दिसत होते. नवरे महिनोन्महिने लांब, आणि इथे बायका पोराला कडेवर घेऊन या खिडकीवरून त्या खिडकीवर. दवाखान्यातले तरुण डॉक्टर महिन्या-दीड महिन्याला बदलायचे. नव्या डॉक्टरला जुन्या दुखण्याची कहाणी पहिल्यापासून सांगावी लागायची, आणि तोही पहिल्यापासूनच औषध सुरू करायचा. बाहेरच्या मोठ्या इस्पितळात जायचं तर आधी इथल्या तज्ज्ञाची सही हवी, आणि तज्ज्ञ एक गुरुवार आड. त्यातून एखाद्या मोठ्या साहेबाच्या बंगल्यावरून फोन आला की भरलेल्या यादीत जागा फुटायची. अशी नावं लिहिताना बाराताईच्या कपाळावर आठी चढे. घरी आल्यावर ती नवऱ्याला सांगायची, "अकरा वर्षांत मी माझ्या माणसाचं एक नाव पुढे घातलं नाही." तिला त्याचा अभिमान होता, आणि खोटं बोलत नव्हती ती.

तिच्याच जिन्यावर, वरच्या मजल्यावर, वायरलेसवाल्याची बायको राहायची. सव्वीस-सत्तावीसची, बारीक चणीची, बोलायला भिडस्त. नवरा पाच महिन्यांपासून दूरच्या ठाण्यावर होता. त्याचा फोन आठवड्यातून एकदा, तोही लागला तर. घरात ती आणि सहा वर्षांची मुलगी. मुलगी एका जागी म्हणून ठरायची नाही, स्वतःभोवती गोल गोल फिरत जिना उतरायची, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत.

भिंगरीचा डावा कान दुखायला लागला तो हिवाळ्याच्या शेवटी. पहिल्या डॉक्टरनं थेंब दिले. पंधरा दिवसांनी कान वाहायला लागला, तेव्हा डॉक्टर बदललेला होता. त्यानंही थेंब दिले. महिन्यानं पुन्हा तेच झालं, तेव्हा तिसऱ्या, एका तरुण डॉक्टरणीनं कानात बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं, थेंब दिलेच, आणि चिठ्ठीवर लिहिलं : कानाच्या तज्ज्ञांना लवकर दाखवावे. "लवकर"खाली तिनं दोन रेघा ओढल्या होत्या.

ती चिठ्ठी घेऊन भिंगरीची आई खिडकीशी आली तो सोमवार होता, आणि अकरा वाजले होते. यादी चार तासांपूर्वीच भरली होती.

बाराताईनं चिठ्ठी वाचली. दोन रेघाही पाहिल्या. तिनं यादीच्या खाली पेन्सिलीनं भिंगरीचं नाव लिहिलं आणि म्हणाली, कुणी रद्द केलं तर पहिला फोन तुलाच. नाहीच झालं तर पुढच्या यादीत पहिली ओळ तुझी. एवढ्यानंही त्या बाईचा चेहरा उजळला. जिन्यावरची शेजारीण खिडकीत बसलेली, म्हणजे अर्धं काम झालंच, असं तिला वाटलं असावं.

बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास नवव्या ओळीतल्या माणसाचा फोन आला. त्याची बदली झाली होती, सामान बांधून तो निघाला होता. बाराताईनं त्याच्या नावावर रेघ मारली आणि भिंगरीच्या आईचा नंबर शोधायला वही उघडली.

तेवढ्यात घरून फोन आला. नवरा होता. सासऱ्यांचं कानातलं मशीन पुन्हा शिट्ट्या मारत होतं. सासरे जुने तोफखान्यातले. तीस वर्षं तोफांशेजारी उभे राहून दोन्ही कान गमावलेले, पण आवाज मात्र शाबूत. गेला महिनाभर घरात बोलणं म्हणजे भांडणच झालं होतं. "जेवायला या" हेही ओरडून सांगायचं, आणि ते उलट ओरडायचे, "मला ओरडता कशाला?" त्या सकाळी त्यांनी रागानं मशीन काढून टेबलावर आपटलं होतं आणि या घरात आपल्याशी कुणी बोलत नाही म्हणून खोलीचं दार लावून घेतलं होतं. नवरा थकलेल्या आवाजात म्हणाला, "तू तिथे बसतेस, तुला एवढं जमत नाही का गं? त्यांनीही नोकरीच केली ना याच छावणीची?"

तिनं फोन ठेवला. समोर वही उघडी होती, आणि यादीतली नववी ओळ रिकामी होती.

नंतर तिनं हा क्षण इतक्या वेळा आठवला की त्याच्या कडा झिजून गेल्या. तिनं विचार केलाच नाही, असं नव्हतं. केला होता. त्याच सकाळी जिन्यावर भिंगरीची आई भेटली होती आणि म्हणाली होती, आज जरा बरं वाटतंय तिला, रात्री झोपली. ते वाक्य बाराताईनं उचललं आणि स्वतःपुढे धरलं. पोरीला बरं आहे. पुढच्या यादीत तिची ओळ पहिली आहेच. आणि अकरा वर्षांत एकदा, फक्त एकदा. तिनं नवव्या ओळीत सासऱ्यांचं नाव लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा छान आलं होतं.

गुरुवारी सासरे इस्त्रीचा शर्ट घालून दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी कानातून मळाची हरभऱ्याएवढी गोळी काढली, मशीनचं टोक बदललं, आणि सात मिनिटांत ते बाहेर आले. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं की भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं, हे त्यांना चार वर्षांनी कळलं. संध्याकाळी चहा पिताना सगळे हळू आवाजात बोलत होते, आणि घर कसं हलकं झालं होतं.

त्याच संध्याकाळी बाराताई दूध घेऊन जिना चढत होती. भिंगरीची आई वरून उतरत होती.

"ताई, कुणी रद्द केलं नाही ना?"

"नाही गं," बाराताई म्हणाली. "यावेळी कुणीच नाही."

एवढंच झालं. खरं सांगायला तोंड उघडावं आणि खोटं आपसूक बाहेर पडावं, तसं ते पडलं. भिंगरीची आई म्हणाली, "असू दे, दहा-बारा दिवसांचा तर प्रश्न आहे," आणि खाली गेली. बाराताईच्या हातातली पिशवी एकदम जड झाली.

त्यानंतरचे दहा दिवस ती जिन्यावर पावलं ऐकून मग दार उघडायची. कुणी बाई खिडकीशी "काही जागा?" असं विचारायला आली की ती वहीतून मान वर न करता उत्तर द्यायची. दोनदा तिनं वर जाऊन पोरीची चौकशी केली. दुसऱ्या वेळी भिंगरी उशीत डोकं खुपसून पडली होती, फिरत नव्हती. आईनं सांगितलं, थेंब चालू आहेत, सोमवारी यादी उघडेलच. बाराताईला वाटलं, आत्ता सांगावं, हिला घेऊन उद्याच शहरात जा, सही-बिही नंतर बघू. पण तसं सांगायचं तर घाई का, तेही सांगावं लागलं असतं. ती "काळजी घे" म्हणाली आणि उतरली.

यादी उघडायच्या आदल्या दिवशी, रविवारी भर दुपारी, दार जोरजोरात वाजलं. भिंगरीची आई उभी होती, पोर खांद्यावर. पोरीचं अंग तव्यासारखं तापलेलं, कानामागे लाल सूज, आणि कान असा पुढे ढकललेला की चेहरा ओळखू येईना. सकाळपासून उलट्या होत होत्या. उभं केलं की एका बाजूला कलंडत होती.

रविवारी दवाखान्यात एक ड्यूटीवरचा मदतनीस आणि एक नर्स एवढंच असे. मदतनीस म्हणाला, सहीशिवाय रुग्णवाहिका शहराच्या इस्पितळात नेता येत नाही, तज्ज्ञ नाहीत तर दवाखान्याच्या प्रमुख साहेबांची लागते, त्यांना फोन लावतोय. अकरा वर्षं बाराताई लोकांना हेच ऐकवत आली होती. त्या दिवशी तिनं काउंटरच्या आत जाऊन स्वतः फॉर्म काढला, साहेबांच्या घरचा नंबर तिला पाठ होता तो फिरवला, आणि साहेब जेवत आहेत असं सांगणाऱ्याला म्हणाली की घास खाली ठेवायला सांगा. वीस मिनिटांत सही झाली. रुग्णवाहिकेत ती पोरीचे पाय मांडीवर घेऊन बसली. भिंगरीची आई तिचा हात इतका घट्ट धरून होती की बांगडी मनगटात रुतली. ती सारखी पुटपुटत होती, "तुम्ही होतात म्हणून, ताई, तुम्ही होतात म्हणून."

संध्याकाळपर्यंत ऑपरेशन झालं. शल्यविशारद बाई बाहेर आल्या आणि दोघींना बाकावर बसवून शांतपणे सांगितलं. कानामागचं हाड आतून पोखरलं होतं. पू मेंदूच्या वाटेवर होता, पण पोचला नव्हता. पोरीच्या जिवाचा धोका टळला आहे. मात्र ऐकण्याची नाजूक हाडं खराब झाली आहेत. डाव्या कानानं फारसं ऐकू येणार नाही.

भिंगरीच्या आईनं मान हलवली, जणू तिला दुसऱ्या कुणाबद्दल सांगितलं होतं. विचारलं ते बाराताईनं.

"डॉक्टर, दहा दिवस आधी आणलं असतं तर?"

त्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "नक्की काही सांगता येत नाही. कदाचित कान वाचला असता. कदाचित आधीच उशीर झाला होता."

ते "कदाचित" बाराताई घरी घेऊन आली. पुढे कित्येक दिवस ते तिच्या ताटाशेजारी बसायचं.  दोष पुरता आपलाच ठरता तर एकदाचा उचलून खांद्यावर घेता आला असता. नसता ठरला तर खाली ठेवता आला असता. इथे दोन्ही नव्हतं.

लोक मात्र तिचं कौतुक करत होते. जिन्याजिन्यावर गोष्ट पसरली होती, साहेबाचा घास खाली ठेवायला लावला म्हणे. एका दुपारी भिंगरीच्या आईनं वरून हाक मारली आणि फोन तिच्या हातात दिला. ठाण्यावरून वायरलेसवाला बोलत होता. आवाज तुटत होता. दुसऱ्यांचे निरोप पोचवणं हेच त्याचं काम, पण स्वतःचं बोलायला त्याला शब्द सापडत नव्हते. तो म्हणाला, "ताई, मी तिथे नव्हतो. तुम्ही होतात." मग नुसती खरखर ऐकू आली. बाराताईनं फोन परत दिला आणि पाणी प्यायचं निमित्त करून स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

भिंगरीच्या बातमीनं छावणीत असंतोष पेटला. कुटुंबांनी मागणी केली आणि कमांडरांनी सभा बोलावली. मोठ्या हॉलमध्ये दीडशे बायका आणि पन्नासेक पुरुष जमले. एकीनं सांगितलं, तिची गर्भारपणातली तपासणी सात वेगवेगळ्या डॉक्टरांनी केली आणि सातांनी पहिलाच प्रश्न विचारला, कितवं मूल? एक निवृत्त स्वयंपाकी म्हणाला, त्याच्या गुडघ्याचा एक्स-रे हरवला तो हरवलाच, पण दुसऱ्याच्याच गुडघ्याचा त्याला मिळाला, आणि डॉक्टरनं तोच बघून गोळ्या दिल्या. लोक हसले, तोही हसला. मग भिंगरीची आई उठली. जिला चारचौघांत बोलता यायचं नाही ती पाच मिनिटं न अडखळता बोलली. तीन डॉक्टर, तीन वेळा थेंब, बाराची यादी, रविवारची सही. शेवटी म्हणाली, "या दवाखान्यात एक माणूस आमच्या बाजूचं आहे. खिडकीतल्या ताई. त्या नसत्या तर माझी मुलगी आज नसती."

सगळ्यांनी वळून पाहिलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बाराताईनं मान खाली घातली, आणि लोकांना तो विनय वाटला. उठून उभं राहायचं, एवढंच करायचं होतं. पाय तिचेच होते, पण उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या प्रमुख साहेबांनी तिला आत बोलावलं. वरून जाब विचारला गेला होता. यादी पूर्ण भरलेली होती, एकच डॉक्टर पुरा पडत नाही, हे दाखवायला त्यांना त्या गुरुवारचा कागद हवा होता. तिनं तो टेबलावर ठेवला. त्यांची नजर वरून खाली आली आणि नवव्या ओळीवर थांबली. खोडलेलं नाव, वर नवं नाव, बाजूला बुधवारची तारीख तिच्याच अक्षरात. खाली पेन्सिलीत भिंगरी. नव्या नावातलं आडनाव बाराताईचंच होतं, हे त्यांना माहीत होतं.

साहेब वाईट माणूस नव्हते. चष्मा काढून पुसत ते म्हणाले की सासरे निवृत्त सैनिक आहेत, त्यांचा हक्क आहेच, नियम कुठेही मोडलेला नाही. प्रतीक्षायादी पेन्सिलीची, तिला कागदोपत्री किंमत नाही. हा कागद आपण स्वच्छ लिहून काढू. "तुम्ही आपली माणसं आहात. शिवाय लोक तुम्हाला मानतात, ते आत्ता दवाखान्याच्या उपयोगी आहे."

तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट तिला बंगल्यावरून येणारे ते फोन आठवले आणि आपल्या कपाळावरची आठी आठवली. ती म्हणाली, "साहेब, कागद आहे तसाच जाऊ दे." त्यांनी तो कागद फाइलमध्ये घातला नाही, टेबलावरच ठेवला.

घरी येऊन तिनं आधी सासऱ्यांना सांगितलं. का त्यांना, हे तिलाही कळलं नाही. कदाचित नवऱ्यानं समजूत घातली असती, आणि तिला समजूत नको होती. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. आता त्यांना नीट ऐकू येत होतं.

"मला विचारलं होतंस?" ते म्हणाले.

"नाही, बाबा."

"मी म्हातारा माणूस. मी ऐकून ऐकून काय ऐकणार होतो? घड्याळ?" त्यांचा आवाज चढला नाही, तेच तिला सोसवलं नाही. "आता मला ऐकवलंस. जिला ऐकवायला हवं ती वर राहते."

ती वर गेली. दुपारची चारची वेळ होती. भिंगरी जमिनीवर चित्रं काढत बसली होती, डोक्याला पट्टी. बाराताई तिच्या डावीकडून आत आली आणि हाक मारली. पोरीनं मान वर केली नाही. दुसऱ्यांदा मारली तेव्हा तिनं भलत्याच दिशेला, खिडकीकडे पाहिलं.

भिंगरीची आई कपड्यांच्या घड्या घालत होती. बाराताईनं उभ्याउभ्याच सांगितलं. बुधवारचा फोन, रिकामी ओळ, सासरे, मशीन. काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही. त्या बाईचे हात थांबले नाहीत. तीन-चार कपड्यांच्या घड्या झाल्या. मग ती म्हणाली,

"गुरुवारी संध्याकाळी मी जिन्यात विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"तेव्हा खरं सांगितलं असतंत तर मी चिडले असते. भांडले असते. आणि शुक्रवारी तिला घेऊन स्वतःच शहरात गेले असते." तिनं हातातली घडी ढिगावर ठेवली. "तुम्ही होतात म्हणून मी थांबले, ताई."

 इतके दिवस बाराताई नवव्या ओळीचा हिशोब करत होती, आणि खरी चूक जिन्यात होती. तिला माफी मागायची होती, पण तो शब्द त्या खोलीत फार किरकोळ वाटला. तिनं तरीही मागितली. भिंगरीच्या आईनं मान हलवली, ना होकाराची ना नकाराची, आणि उठून दाराशी गेली. बाराताई बाहेर पडल्यावर दार तिनं आपटलं नाही. हळूच लावलं, पोर दचकू नये म्हणून.

पुढच्या आठवड्यात भिंगरीच्या आईनं लेखी तक्रार दिली. दवाखान्याविरुद्ध, डॉक्टरांविरुद्ध, आणि एका परिच्छेदात बाराताईविरुद्ध. बाराताईनं आपल्या जबाबात सगळं कबूल केलं आणि त्या गुरुवारची यादी चौकशीच्या कागदांना जोडायला लावली. साहेबांना ते आवडलं नाही. तिला खिडकीवरून काढून मागच्या जुन्या केसपेपरांच्या खोलीत बसवलं. शिक्षा म्हणाल तर तेवढीच. नवरा म्हणाला, उगाच ओढवून घेतलंस. जिन्यावरच्या काही जणी बोलेनाशा झाल्या. एक-दोघी जास्तच गोड बोलू लागल्या, तेही तिला खुपायचं.

चार महिन्यांनी कानाचे डॉक्टर दर गुरुवारी यायला लागले, आणि प्रतीक्षायादी दवाखान्याच्या भिंतीवर लागायला लागली, शाईत. हे सभेमुळे झालं, तक्रारीमुळे झालं, की वरच्या कुणाला आपली खुर्ची सांभाळायची होती म्हणून, ते कुणालाच कळलं नाही. बाराताई जाता-येता ती यादी वाचायची. त्यात समाधान शोधायचा तिनं प्रयत्न करून पाहिला, पण तिथे ते नव्हतं.

त्याच सुमारास वायरलेसवाला परत आला आणि त्याची दुसरीकडे बदली झाली. सामान न्यायला ट्रक आला त्या सकाळी बाराताई रजा काढून घरी होती. बराच वेळ ती दारामागे उभी राहिली. मग बाहेर आली आणि काही न विचारता जिन्यावरची एक पेटी उचलायला वाकली. वायरलेसवाल्यानं तिच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. त्याला आता सगळं माहीत होतं. भिंगरीची आई वरच्या पायरीवर उभी होती. क्षणभर वाटलं, ती पेटी ठेवायला सांगेल.

"त्यात भांडी आहेत," ती म्हणाली. "खालून धरा, तळ सैल आहे."

बाराताईनं खालून हात घातला. दुसऱ्या बाजूनं भिंगरीच्या आईनं धरलं, आणि दोघी एकेक पायरी सांभाळत खाली उतरल्या. ट्रकपाशी पेटी ठेवली. मग भिंगरीची आई पुढची आणायला वर गेली, आणि बाराताई तिच्या मागोमाग.